कुदळ न लावता परसबाग: नाशिकच्या मातीत पहिला वाफा कसा करायचा

नाशिकच्या काळ्या मातीत कुदळ चालवण्याजोगे दिवस वर्षात मोजकेच असतात. मे महिन्यात ती दगडासारखी कडक असते, जुलैमध्ये चपलेला चिकटून पाय जड करते आणि वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, येतो तो चार दिवसांपुरता. ते दिवस हुकले आणि ओल्या मातीतच खणलं, तर निघालेलं ढेकूळ वाळून विटेसारखं होतं. न खणता केलेल्या बागेत वाफशाची वाट पाहावी लागत नाही. माती आहे तशी राहू द्यायची. तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कुजलेलं खत आणि सगळ्यात वर पालापाचोळा. रोपं या खताच्या थरात लावायची. खालचा पुठ्ठा कुजला की मुळ्या आपसूक जमिनीत उतरतात.

काळ्या मातीला ही पद्धत चांगली मानवते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमधून वरची माती खाली जाते, पावसाळ्यात खालची वर ढकलली जाते. म्हणजे ती दरवर्षी स्वतःला थोडी खालीवर करतच असते. तिला कमी पडतात त्या दोन गोष्टी: सेंद्रिय पदार्थ आणि सावली. गांडुळांची बिळं आणि कुजून गेलेल्या मुळ्यांच्या पोकळ्या यांतून पाणी मुरतं आणि हवा खेळते. कुदळीने त्या वाटा मोडतात. शिवाय तणाचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि खणलं की उजेडात येऊन उगवतं. दरवर्षी खणणाऱ्याला दरवर्षी खुरपत बसावं लागतं ते यामुळेच.

कष्ट मात्र या पद्धतीतही आहेत. ते खणण्याऐवजी गोळा करण्यात जातात. पुरेसं खत आणि पुरेसा पाचोळा जमवल्याशिवाय सुरुवात करू नका. नव्या माणसाची बाग फसते ती बहुतेक वेळा इथेच: पुठ्ठ्यावर दोन इंच खत पसरलं, रोपं लावली, आणि महिन्याभरात ती पिवळी पडली.

जागा कशी तपासायची

दिवसाला किमान सहा तास ऊन येणारी जागा हवी. नंतर एकच खड्डा करा, तोही तपासणीपुरता: एक फूट रुंद, एक फूट खोल. तो पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल तर निचरा कमी आहे. तिथे वाफ्याची उंची सहा इंचांऐवजी आठ ते दहा इंच ठेवा.

त्याच खड्ड्यात खाली काय आहे तेही कळतं. नव्या वसाहतींमध्ये बंगल्याभोवती बऱ्याचदा विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ आणि दाबलेला मुरूम निघतो. असं असेल तर न खणण्याचा हट्ट धरू नका. राडारोडा एकदाच काढून टाका, मुरमात पहार मारून फूटभर अंतरावर भोकं पाडा आणि मग थर रचा. हे काम एकदाच करायचं असतं.

हरळी आणि लव्हाळा असलेल्या जागेबद्दल आधीच स्पष्ट सांगायला हवं. गाजर गवत, आघाडा, माठ असली बियांवर वाढणारी तणं पुठ्ठ्याखाली दोन-तीन महिन्यांत मरतात. हरळीला दुहेरी पुठ्ठा लागतो, आणि तरीही ती कडेने आत शिरते. लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठी पुठ्ठा भोसकून वर येतात. त्याला उपाय एकच: कोंब दिसला की आठवड्याला एकदा तळाशी कापायचा. गाठीतला साठा संपायला एक-दोन हंगाम लागतात, पण संपतो.

वाफ्याचं माप आणि लागणारं साहित्य

वाफा चार फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यायची वेळ येत नाही. पाय दिला की माती दबते आणि सगळी मेहनत वाया जाते. लांबी दहा फूट पुरे. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडा. कडेला विटा लावायची गरज नाही. त्यांच्या फटींत गोगलगाई मुक्काम करतात. कडा नुसत्या उताराच्या ठेवल्या तरी चालतं.

अशा एका वाफ्याला सहा इंच थरासाठी २० घनफूट खत लागतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीने मोजलं तर काठोकाठ भरलेल्या १६ ते १७ गोण्या. आकडा मोठा वाटतो आणि तो आहेच. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे ब्रासभर जुनं शेणखत आणलं तर पाच वाफे होतात. एवढी जागा नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून घ्या.

खत पुरेसं नसेल तर खालचे तीन इंच अर्धवट कुजलेलं शेण आणि बारीक केलेला पाचोळा यांचे करा आणि वरचे तीन इंच पूर्ण कुजलेल्या खताचे. असा वाफा लागवडीआधी पाच-सहा आठवडे ओला ठेवून मुरू द्यावा लागतो. वरच्या थराला शेणखत, गांडूळखत, घरचं कंपोस्ट यांपैकी काहीही चालतं. अट एकच, की हातात घेतल्यावर त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास यायला हवा. अमोनियाचा उग्र वास आला किंवा ढीग आतून गरम लागला तर ते अजून तयार नाही.

वासावर भरवसा नसेल तर मुगाची चाचणी करा. एका कुंडीत नुसतं खत घ्या, दुसरीत साधी माती, आणि दोन्हींत दहा-दहा मूग पेरा. आठवड्याने खतातले मूग मातीइतकेच उगवलेले आणि हिरवे हवेत. निम्मेच उगवले किंवा पानांच्या कडा करपल्या तर खत कच्चं आहे. पानं पिळवटलेली आणि कपासारखी वळलेली दिसली तर गव्हाच्या काडातून किंवा उसाच्या पाचटातून तणनाशकाचा अंश आलेला असू शकतो. ते खत भाजीला वापरू नका. दहा मुगांचा हा खर्च सबंध हंगाम वाचवतो.

पाचोळा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मुबलक असतो. कॉलनीतल्या रेनट्री, गुलमोहर, कडुनिंब, पिंपळ यांचा झडलेला पाला लोक पेटवतात. तो पेटण्याआधी गोण्यांत भरून ठेवा. एका वाफ्याला दाबून भरलेल्या सहा-सात गोण्या लागतात. आंब्याची जाड पानं कुजायला वेळ घेतात, ती चुरून घ्या किंवा वाटेवर टाका. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाची चिपाडं मिळतात. आच्छादनाला ती फार उपयोगी, पण आणल्या आणल्या पसरू नका. उरलेल्या गोडव्यावर मुंग्या येतात आणि ती आंबतात. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. इगतपुरीकडून भाताचा पेंढा मिळाला तर तोही उत्तम.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आपल्याकडे ढिगाने मिळतात. त्या बारीक करून वाटेवर पसरायला छान आहेत. भाजीच्या वाफ्यावर मात्र टाळलेल्या बऱ्या, कारण बागेवर वर्षभर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणासह बऱ्याच फवारण्या झालेल्या असतात आणि बोर्डोतलं तांबं मातीत गेलं की कुजत नाही, साठत जातं.

पुठ्ठा साधा तपकिरी हवा. फ्रिज-कूलरच्या दुकानातले मोठे खोके सगळ्यात सोयीचे, कारण जोड कमी येतात. भंगारवाल्याकडेही किलोवर मिळतात. चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाका. चकचकीत किंवा मेणाचा लेप असलेला पुठ्ठा नको, त्यातून पाणी जात नाही. पुठ्ठा नसेल तर वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद एकावर एक.

थर रचणं

नाशिक शहरात वाफा रचायला मे महिन्याचा दुसरा पंधरवडा योग्य. वळवाचे पाऊस सुरू झालेले असतात आणि जूनच्या पावसापर्यंत थर बसतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पाऊस शहराच्या कैकपट असतो, तिथे पहिल्याच सरींत नवं खत वाहून जाईल. त्यांनी हेच काम ऑक्टोबरमध्ये करावं.

पहिल्या दिवशी तण विळ्याने जमिनीलगत कापा. कापलेलं तिथेच पडू द्या. फुलावर आलेलं गाजर गवत मात्र उचलून बाहेर काढा, आणि हातमोजे घालूनच, कारण त्याने अंगावर खाज आणि पुरळ उठतं. जमिनीला भेगा असतील तर त्यांत तीन-चार घमेली बारीक खत लोटा, नाहीतर वरून दिलेलं पाणी भेगांतून थेट खाली निघून जातं. मग जमीन संध्याकाळी भरपूर भिजवा. कोरड्या जमिनीवर वाफा रचला तर पहिले कित्येक आठवडे खालची माती कोरडीच राहते.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे टबात दहा मिनिटं भिजवून अंथरा. एकाची कड दुसऱ्यावर किमान आठ इंच यायला हवी. वाफ्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट जास्त पसरा. तण नेहमी सांध्यातून डोकं काढतं, म्हणून या कामात घाई नको.

त्यावर खत दोन-दोन इंचांनी टाका आणि प्रत्येक थराला झारीने पाणी द्या. कोरडं शेणखत एकदा रचलं की वरून टाकलेलं पाणी बाजूने ओघळतं, आत जात नाही. पायाने तुडवू नका, फावड्याच्या पाठीने हलकं थोपटा. शेवटी दोन-तीन इंच पाचोळा, आणि तो उडू नये म्हणून पुन्हा पाण्याचा शिडकावा. वाटेवरही पुठ्ठा घालून त्यावर चिपाडं किंवा काड्यांचा भुगा टाका. पावसाळ्यात काळ्या चिखलातून चालायची वेळ येत नाही, आणि वर्षभराने हाच भुगा कुजून वाफ्यावर उचलून टाकता येतो.

पाऊस सुरू होईपर्यंत वाफा एक दिवसाआड भिजवत राहा. कोरडा पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण. मातीच्या नळ्या दिसू लागल्या तर त्या मोडा आणि जागा चिंब करा. ओल सतत राहिली की वाळवीचा त्रास कमी होतो. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटीपासून वाफा दोन फूट लांब ठेवा. झाडाच्या खोडाला थर टेकवू नका.

पहिली लागवड

पहिल्या हंगामात रोपं लावा किंवा मोठ्या बियांची पिकं घ्या. नव्या थरात गाजरासारखं बारीक बी नीट जम धरत नाही, आणि खाली पुठ्ठा लागला की गाजराला फाटे फुटतात. गाजर दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

जूनच्या उत्तरार्धात वांगी, मिरची, भेंडी, चवळी, गवार यांपैकी निवडा. या वाफ्यात वांगी दोन फुटांवर, दोन ओळींत दहा बसतात. भेंडी फुटावर, तीन ओळींत तीस. कडेने झेंडू लावा. जुलैत लावलेला झेंडू दसऱ्याच्या आसपास फुलतो आणि त्याच्या मुळ्यांनी सूत्रकृमींना, म्हणजे मुळ्यांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींना, थोडा आळाही बसतो. रोप लावताना पाचोळा हाताने बाजूला करा, खतात मूठभर खड्डा करा, रोप बसवून दाबा. पुठ्ठा अजून कडक लागला तर सुरीने त्यावर फुलीसारखी चीर द्या. पाचोळा परत ओढा, पण खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडा. ओलं आच्छादन खोडाला चिकटून राहिलं की मर लागते.

हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, कोबी, लसूण. पालेभाज्यांसाठी पाचोळा पूर्ण बाजूला करून खतावर बोटाने ओळी ओढा, धने आधी रगडून दोन फाकी करा, बी पेरून बारीक खताने झाका. रोपं चार बोटं उंच झाली की ओळींमध्ये पाचोळा भरा. थंडीत आच्छादनाखालची माती गार राहते आणि बी उशिरा उगवतं, म्हणून पेरलेली जागा उगवेपर्यंत उघडीच ठेवा. निफाडच्या बाजूला पारा फार खाली जातो, तिथे डिसेंबर-जानेवारीत भेंडीचं बी टाकून काही हाती लागणार नाही.

बटाटा या पद्धतीत सगळ्यात सोपा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डोळे फुटलेले बटाटे खतावर फूटभर अंतराने नुसते ठेवा आणि वर आठ इंच पेंढा घाला. झाड वाढेल तसा पेंढा वाढवत जा. तीनेक महिन्यांनी पाला पिवळा पडला की पेंढा बाजूला सारून बटाटे वेचून घ्या. पेंढा पातळ पडून उजेड लागला तर बटाटे हिरवे होतात. ते खायचे नाहीत.

पाणी

आच्छादन असलं तरी उन्हाळ्यात पाणी लागतंच. सोळा मिलिमीटरची इनलाइन ठिबक नळी घ्या, दर फुटाला ड्रिपर असलेली, ताशी दोन लिटरची. वाफ्यावर तीन ओळी, पाचोळ्याखाली. म्हणजे तीस ड्रिपर आणि तासाला ६० लिटर पाणी. एप्रिल-मेमध्ये एवढ्या वाफ्याला दिवसाला साधारण २० लिटर लागतं, म्हणजे वीस मिनिटं. हिवाळ्यात दहा-बारा मिनिटं पुरतात. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: पाचोळा सारून बोट दोन पेरं खतात घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. नवशिक्यांची रोपं तहानेपेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात.

पावसाळ्यातले उपद्रव

गोगलगाई आणि शंखी ही या पद्धतीची खरी डोकेदुखी आहे, कारण ओलं आच्छादन म्हणजे त्यांचं घर. जुलै-ऑगस्टमध्ये पाचोळा इंचभरच ठेवा, बाकीचा गोणीत परत भरा. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून वाफ्याच्या कडेला अंथरा आणि सकाळी उजाडता उलटा करा. खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे किंवा चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका. हे पंधरा दिवस रोज करावं लागतं, एखाद्याच दिवशी करून फरक पडत नाही.

हुमणी येते ती बहुधा कच्च्या शेणखतातून. जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मुळ्या कुरतडते आणि रोप धरून ओढलं की अलगद हातात येतं. खत आणताना ढीग उलटून पाहा, अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. वळवाच्या पहिल्या सरींनंतर तिचे भुंगेरे रात्री कडुनिंब-बाभळीवर येतात. त्या आठवड्यात फांद्या हलवून ते गोळा केले तर पुढची अंडीच टळतात.

स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट वाफ्यात पुरू नका. त्याच्या वासाने घुशी येतात आणि एका रात्रीत सबंध वाफा उकरतात. तो आधी वेगळ्या डब्यात कुजवा.

पानं पिवळी पडली तर आधी पाचोळा कुठे आहे ते पाहा. सुका पाला किंवा लाकडाचा भुसा खताच्या वर पसरलेला असेल तर बिघडत नाही. तो खतात मिसळला गेला असेल, तर कुजवणारे जिवाणू आसपासचं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि रोपाला उरत नाही. अशा वेळी रोपाभोवती दोन मुठी गांडूळखत घाला आणि जीवामृत द्या. घरापुरतं प्रमाण: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती, २० लिटर पाणी. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज ढवळा. मातीतच ओता. कच्च्या खायच्या पालेभाजीवर ताज्या शेणाचं पाणी शिंपडू नये. आणि जीवामृत खताची जागा घेत नाही. खताचा थर पातळ असेल तर कितीही ओतलं तरी वाफा उभा राहणार नाही.

काढणी आणि पुढचा हंगाम

पीक संपलं की झाड उपटायचं नाही. खोड जमिनीलगत कापा, मुळ्या आत राहू द्या. त्या कुजून पाण्याच्या आणि हवेच्या वाटा होतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात भाताच्या कायमच्या गादीवाफ्यांवर हेच केलं जातं: मुळ्या जमिनीत ठेवून त्याच वाफ्यावर पुढचं पीक टोकतात. मेथीही उपटण्याऐवजी बोटभर वर कापली तर दुसरा तोडा मिळतो.

याला एक अपवाद आहे. दुपारी माना टाकणारं, खुरटलेलं एखादं टोमॅटो-वांग्याचं झाड मुद्दाम उपटून मुळ्या बघा. मुळी स्वतः फुगून गाठाळ झाली असेल तर सूत्रकृमी आहे. त्या वाफ्यातल्या मुळ्या शक्य तेवढ्या काढून टाका आणि पुढचा हंगाम झेंडू किंवा कांदा-लसूण घ्या. चवळी-वाटाण्याच्या गाठी पाहून मात्र घाबरू नका. त्या मुळीला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात. त्या नत्र देणाऱ्या गाठी आहेत.

आपल्या उष्ण हवेत खत झपाट्याने कुजतं. मे महिन्यात सहा इंच असलेला थर दिवाळीपर्यंत तीन-चार इंचांवर येतो. ते कमी झालेलं खत मातीत गेलं आहे, वाया नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, इंचभर नवं खत पसरा. एका वाफ्याला सुमारे तीन गोण्या. पाचोळा बाजूला करा, खत टाका, पाचोळा परत ओढा. पुठ्ठा पुन्हा घालायची गरज नाही, फक्त वाफ्याच्या कडेला, जिथून हरळी आत यायला बघते, तिथे फूटभर रुंदीची नवी पट्टी दरवर्षी मेमध्ये अंथरा.